खोडलेलं वाक्य

पुरालेख प्रयोगशाळेच्या टेबलावर तो चाळीस वर्षांपूर्वीचा संगणक उघडून ठेवला होता. आतून झुरळांच्या अंड्यांचा कुबट वास येत होता. डॉ. मृदुला कोतवाल यांनी नाकाला पदर लावला.

“मॅडम, सुरू झाला!” इक्बाल मुकादम म्हणाले. जुनी यंत्रं जिवंत करण्यात त्यांची हयात गेली होती. “आता तुमची ती फ्लॉपी द्या.”

फ्लॉपीवर ‘अक्षरवेल’ ही मजकूर मांडणारी आज्ञावली होती. ती बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती. तीन महिने शोधल्यावर मिरजेतल्या एका बंद छापखान्यात ही एकच प्रत सापडली होती.

कारणही तसंच होतं. चाळीस वर्षांपूर्वी कळंबवाडीत एका कीटकनाशकामुळे एकेचाळीस मुलं जन्मतःच बहिरी निपजली होती. ‘हे द्रव्य गर्भाला घातक आहे,’ असं डॉ. शरच्चंद्र गुर्जरांनी तेव्हाच ‘अक्षरवेल’वर केलेल्या आपल्या अहवालात लिहिलं होतं. छापील प्रती पुरात गेल्या, पण पुरालेखातल्या फाइलीत ते वाक्य मिळालं आणि गुर्जर रातोरात लोकांचे देव झाले. मृदुला त्यांची विद्यार्थिनी. त्या मुलांच्या खटल्यात कीटकनाशक कंपनीचे वकील म्हणाले, “ही यंत्राने रूपांतर केलेली प्रत आहे. मूळ रूप दाखवा.” ते आता कुणालाच दाखवता येणार नाही, अशी त्यांची खात्री होती.

“रूपांतरात असं काय बिघडतं, चाचा?”

“फाइलीत अक्षरं असतात आणि खुणा असतात. हे ठळक, हे अधोरेखित, हे खोडलेलं. नव्या यंत्राला जुन्या खुणा कळत नाहीत. ते खुणा फेकून देतं, अक्षरं तेवढी ठेवतं.”

पडद्यावर अहवालाची हिरवी अक्षरं उमटली. अकराव्या पानावर ते वाक्य आलं. त्याच्यावरून आडवी रेघ गेली होती. मुकादमांनी रेघेवर कर्सर नेला, तशी खाली नोंद उघडली: ‘वगळले. कंपनीच्या विनंतीनुसार. श. गु.’

मृदुलाने पुन्हा पुन्हा वाचलं. मग तिने गुर्जरांना फोन लावला.

“सर, ते वाक्य तुम्ही खोडलं होतं.”

“कशाला उकरतेस, मृदुला? मी लिहिलं तर होतंच ना?”

“छापलं नाही.”

“मग यंत्राने ते परत आणलं, लोकांनी डोक्यावर घेतलं. मी कुठे काय बोललो? ब्याऐंशीचा झालोय आता. आणि त्या मुलांना न्याय मिळतोच आहे की.”

याच माणसाच्या पायांना तिने दर गुरुपौर्णिमेला हात लावला होता. तिने फोन ठेवला आणि मोरीशी जाऊन कोपरापर्यंत हात धुतले.

ती परतली तेव्हा मुकादम छपाईयंत्राशी उभे होते. “मॅडम, नव्या यंत्रावर छापलं तर रेघ येणार नाही, खालची नोंदही नाही. तुमचे सर सलामत राहतील. कंपनीही, कदाचित.”

“आणि इथून?”

“इथून जसं आहे तसंच येईल.”

“मग इथूनच छापा, चाचा,” ती म्हणाली. “रेघेसकट. खालच्या नोंदीसकट.”