चंपामावशीच्या भिंतीवरची लाल रेघ

कांजूरमार्गच्या त्या चाळीत अनुपमा घामाघूम होऊन भिंतीला टेकली, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "अहो... अहो, रंग ओला आहे!"

व्हायचं ते होऊन गेलं होतं. वकिलीचा नवाकोरा काळा कोट पाठीवर लालेलाल! तिनं वळून पाहिलं तर हातात ब्रश घेतलेला, सावळा, भलताच ओशाळलेला तरुण. हा चंद्रप्रकाश, महापालिकेचा ज्युनियर इंजिनिअर. रस्ता रुंद व्हायचा होता आणि त्याची लाल रेघ अनुपमाच्या पहिल्यावहिल्या अशिलाच्या, चंपामावशीच्या खोलीवरून जात होती. पाडकाम झालं तर म्हातारीला उरणार होती फक्त मोरी.

"आधी मावशींचं घर, मग माझा कोट. अजून काही शिल्लक?"

"तुमचा राग आहे ना..." तो पुटपुटला आणि रॉकेलचा बोळा पुढे केला.

समोरच्या पक्षाचे डोळे इतके चांगले असू नयेत, असं अनुपमाला वाटून गेलं.

तिनं हरकत घेतली, एकत्र मोजणी ठरली. टेपचं एक टोक महापालिकेकडे, दुसरं हरकत घेणाऱ्याकडे. म्हणजे एका टोकाला तो, दुसऱ्याला ती! मोजायचं हद्दीच्या दगडापासून. ती दगडावर टेप धरायला वाकली, तर दगडाला शेंदूर, वर झेंडूची माळ.

"गो बाय, देवाक पट्टी लावू नको!" चंपामावशी धावली.

"हा देव इथे कधीपासून, मावशी?"

"आधी थयसर नळाकडे होतो. गटाराचा पाणी लागी, म्हणान गेल्या शिमग्याक आमीच तेका हय आणून बसवलो."

अनुपमाच्या हातातली टेप सैल पडली. दगड घरांकडे सरकला, त्याच्यामागोमाग रेघही सरकली! पण हद्दीचा दगड हलवणं गुन्हा. चंद्रप्रकाशनं ठरवलं तर स्वतःची चूक झाकून तो मावशीलाच अडकवू शकत होता. हा तरी तसा निघू नये रे देवा, ती मनात म्हणाली.

तो नळाकडे गेला, बुटानं चिखल उकरला. दगडाचा जुना चौथरा अजून जागच्या जागी होता.

"माझी रेघ चुकली," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "मावशी, तुमच्या देवानं चकवलं मला."

पुन्हा मोजलं, तर रेघ गटाराच्या पलीकडेच राहिली. चंपामावशी उंबऱ्यावर बसून रडली, मग हसली, मग सगळ्यांना गूळ वाटत सुटली.

नोटीस रद्द झाल्याचा कागद घेऊन तो वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्या उतरला, तेव्हा अनुपमा खालीच उभी होती.

"साहेबांनी झापलं?"

"मरेस्तोवर."

"मग हसताय काय?"

"केस चालू असताना एक विचारता येत नव्हतं. वकीलबाई, तुम्ही माझ्याबरोबर... म्हणजे कायमचं नाही... म्हणजे कायमचंच, पण आधी भजी खायला... याल?"

तिला एकदम मोकळं मोकळं वाटलं. मावशीची खोली वाचली होतीच. पण मोजणीच्या दिवशी तिला खरी भीती वाटली होती ती वेगळीच. हा माणूस खोटा निघाला असता तर...? नाही निघाला.

"येईन," ती म्हणाली. "पण वकीलबाई काय रे? अनू म्हण."