इथे थांबणे

केळशेतच्या बंदरावरच्या सायकल-स्टँडवर एक धातूची पाटी जमिनीत बसवलेली होती आणि तिच्यावर दोन पावलं कोरलेली होती. गिऱ्हाइकानं त्या पावलांवर उभं राहायचं, यंत्र त्याची मापं घेतं, आणि सायकल आपणहून त्या मापाची होते. पर्यटकांना याचं आता नवल उरलं नव्हतं. ऋजुताचा पाय मात्र उचलेना. पादुकांवर पाय कसा द्यायचा? नऊवारीचा काचा सावरत ती वाकली, दोन्ही तळवे त्या पावलांवर टेकवून कपाळाला लावले, आणि मगच वर चढली.

स्टँडची मालकीण रुकय्याभाभी चहाचा कप ओठांशी तसाच धरून बघत राहिली.

"गो बाय, तू कालिंदीताईंची कोण?"

ऋजुतानं तोंड उघडायच्या आत सायकलच बोलली, "या कालिंदीताई. अकरा महिन्यांनी आलात."

ऋजुतानं हँडल घट्ट धरलं. आईला जाऊन सात महिने झाले होते.

"लेक आहे मी," ती कशीबशी म्हणाली. "आज देवळात कीर्तन आहे माझं."

"ही तुला ताईच समजली की!" रुकय्याभाभीनं कप खाली ठेवला. "नुसत्या मापानं फसली नसती ती. पण आधी तळवे, मग पाय, असं चढणारं गिऱ्हाईक आमच्याकडे एकच होतं."

सायकलीच्या नळ्या स्मृतिधातूच्या होत्या. जराशी वीज मिळाली की त्या कोमट होत आणि ठरलेल्या मापापर्यंत आखडत. बघता बघता सांगाडा खाली आला, पायडलचे दांडे आखूड झाले, ब्रेक बोटांजवळ सरकले. ऋजुता सीटवर बसली आणि नकळत तिच्या तोंडून "अगंबाई" निघालं. चार फूट सात इंच उंचीच्या बाईला भाड्याच्या सायकलीचं सुख ठाऊक नसतं. कुठल्याही गावी गेलं तरी एक तर चवड्यांवर तोल सांभाळायचा, नाहीतर दुकानदार हसू दाबत लहान मुलीची, बदकाची घंटी असलेली गुलाबी सायकल पुढे करायचा. आज बेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदाच खांद्यांना ओढ नव्हती आणि गुडघे जिथे वळायला हवेत तिथेच वळत होते.

"साचा एकच दोघींचा," रुकय्याभाभी म्हणाली. "लहान, पण माती झकास."

लक्ष्मीनारायणाच्या कार्तिकातल्या उत्सवात कालिंदीताई एकोणीस वर्षं इथे कीर्तन करत आल्या होत्या; उत्सवानंतरही महिनाभर त्या गावातच राहायच्या. कुब्जेचं आख्यान त्या फक्त याच गावी लावायच्या. इतर गावी ऋजुता त्यांच्या मागे पेटीवर असायची, पण केळशेतला यायचं दरवर्षी राहून गेलं. आधी परीक्षा, मग नोकरी. "पुढच्या वर्षी नक्की" असं ती एकोणीस वेळा म्हणाली असेल. आई ध्वनिमुद्रण करू देत नसे. "कीर्तन डबीत भरून ठेवायला ते काय लोणचं आहे?" म्हणायची. मागे राहिली ती एक वही. तिच्यात सगळी पदं होती, आणि कुब्जा कृष्णासमोर येऊन उभी राहते त्या जागी एकच ओळ: 'इथे थांबणे.' पुढचं पान कोरं. किती थांबायचं, थांबून काय बोलायचं? महिनाभर ऋजुता त्या कोऱ्या पानाशी झगडत होती. आज चार वाजता तिला गादीवर उभं राहायचं होतं.

"ताई तालीम सायकलवरच करायच्या," रुकय्याभाभी सांगू लागली. "इथून देवळापर्यंत गात जायच्या. गुरंसुद्धा बाजूला होत."

"गात? आणि सायकलीला ते कळतं?"

"गाणं नाही कळत. पाय कळतात. मागच्या चाकात मोटर आहे ना, ती बसणाऱ्याची पायलय शिकते. पाय कुठे जोर लावतात, कुठे सैल पडतात, कुठे थांबतात ते ध्यानात ठेवते आणि तसतसा हात देते."

ऋजुतानं वळून मागच्या चाकाकडे पाहिलं. "म्हणजे आईची तालीम हिच्यात आहे?"

"आहे. पण एकदाच मिळेल, बाय. गिऱ्हाइकागणिक नोंद वेगळी, पण तुला ती ताईच समजते; तू बसलीस की ताईंच्याच नोंदीत तुझे पाय शिकायला लागणार. देवळाशी पोचशील तोवर ताईंचं बरंचसं पुसलेलं असेल."

"उतरवून घेता येत नाही?"

"माणसाच्या अंगाची नोंद ती. कायद्यानं कुणाला देता येत नाही. ते माणूस वर्षभर बसलं नाही तर आपसूकच मिटते. महिना राहिलाय."

ऋजुता उतरली. सीटवर हात ठेवून उभी राहिली. "मी चालत जाते. महिनाभर तरी राहू दे हिच्यात आई."

"आणि महिनाभर काय, हिला रोज हार घालू?" रुकय्याभाभीचा आवाज चढला, पण डोळे भरले होते. "ताई पहिल्यांदा हिच्यावर बसल्या तेव्हा काय म्हणाल्या ठाऊक आहे? देवानं कुब्जेला सरळ केलं, ही बया तर माझ्यासाठी स्वतःच वाकली! आता मोठं कोण ते तूच सांग, रुकय्या. बस गो. मी येतेच मागून."

ऋजुता बसली. मनात देवाचं नाव घेऊन तिनं पहिलं पद उचललं आणि पायडल मारलं.

पहिल्या वळणापर्यंत काही कळलं नाही. मग पद द्रुत झालं तेव्हा पायांखालून कुणीतरी अलगद रेटा दिला. पुढे तिनं घाई केली, तर चाक किंचित जड झालं. पेटीवर तिची बोटं धावायला लागली की आई मागे न बघता तळहात असाच खाली दाबायची. ऋजुता गाता गाता रडत होती, आणि प्रत्येक फेऱ्याबरोबर ते ओझं, तो रेटा थोडा थोडा तिचा स्वतःचा होत होता. पाय आवरून धरावेत तरी आई जाणार, मारावेत तरी जाणार.

कुब्जा कृष्णासमोर आली. सुरूच्या बनाजवळ मोटर थांबली.

ऋजुताचे दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकले. खाली समुद्र होता. आता आई काय बोलली असेल? ती कान देऊन उभी राहिली. एकवीस श्वास झाले आणि चाकाला हलकाच जोर आला: चल.

तेवढ्यात रुकय्याभाभीची सायकल मागून आली.

"भाभी, कीर्तनात आई या जागी काय बोलायची?"

"काहीच नाही. मागच्यांना दिसावं म्हणून पाटावर उभ्या राहायच्या ना ताई? या जागी त्या पाटावरून खाली उतरायच्या. बस्स."

देवळात माणसं दाटली होती. ऋजुतासाठी तोच पाट मांडला होता. पूर्वरंग झाला, मध्यंतरात बुक्का लागला, हार पडला, आख्यान सुरू झालं. कुब्जा समोर आली तेव्हा ऋजुता पाटावरून खाली उतरली. मागच्या रांगांना ती दिसेनाशी झाली. टाळ थांबले. थंड फरशीवर ती आपल्या उंचीएवढीच उभी होती, आणि आत्ता या मंडपात देवाकडे मान वर करून बघणारं कुब्जेइतकं कुणी असेल तर ती होती.

एकवीस श्वास संपले. इथे मागून रेटा द्यायला कुणी नव्हतं. तिला बाविसावा घ्यावासा वाटला, आणि तिनं तो घेतला.

मग पद उचलताना तिला भिंतीबाहेर उभी असलेली ती सायकल आठवली. परतल्यावर ती पुन्हा त्या पावलांवर तळवे टेकणार होती, सवयच ती. तेव्हा सायकल हाक मारील ती कुणाला?