बांधावरची शेवटची सायकल

ही गोष्ट मी रचलेली नाही. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण ज्या रस्त्यावर हे घडलं तो रस्ता आजही तिथेच आहे, आणि जिच्या बाबतीत घडलं ती माझी सख्खी मावशी आहे.

नाव सोलांज. लुआर नदीकाठच्या बेरोल गावात राहते.

नोव्हेंबरातली रविवारची सकाळ होती. रात्रबित्र काही नव्हती, चांगला दिवस उजाडलेला. फक्त धुकं होतं. नदी दिसत नव्हती, नुसती वाजत होती.

आमच्या गावचं सायकल मंडळ दर रविवारी नदीच्या बांधावरून जातं. त्या रस्त्यावर मोटारींना बंदी आहे. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला पॉप्लरची झाडं. शांतता इतकी की पुढच्याची चेन कुरकुरली तर मागच्याला ऐकू येते.

सगळ्यात पुढे असतो जिल्दास, आमचा कप्तान. सगळ्यात मागे एक जण असतो, त्याला आम्ही 'शेपूट' म्हणतो.

थट्टेनं म्हणतो, पण काम थट्टेचं नाही. चाकाला चाक लावून चालताना मागे वळून पाहायचं नसतं. मान वळली की सायकल वळते, आणि एक पडला की सगळे पडतात. म्हणून मागे पाहायचं ते फक्त शेपटानं. वळण आलं, पूल आला, की कप्तान ओरडतो, "सगळे?" शेपटानं मागे नीट पाहायचं, आणि कुणी राहिलं नसेल तरच ओरडायचं, "सगळे!"

हे उत्तर आल्याशिवाय पुढचा कुणी पाय मारत नाही. आमच्याकडे माणसं पाद्र्यासमोर बिनदिक्कत खोटं बोलतील, पण या एका शब्दात नाही.

त्या दिवशी शेपूट होती मावशी.

आणि मावशीचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तिचे नवे व्याही पॅरिसहून पहिल्यांदाच जेवायला येणार होते. व्याहीण म्हणजे जरा नाकानं कांदे सोलणारी. मावशीनं कोकराची तंगडी मंद आचेवर ओव्हनमध्ये ठेवली होती आणि जीवही तिथेच ठेवला होता.

"सोलांज, आज तू मंडळाची शेपूट की तंगडीची राखणदार?" निघताना जिल्दासनं टोमणा मारला.

"तू पुढे बघून चालव," मावशी म्हणाली. "आणि आज जरा हाण. गेल्या रविवारसारखं वरातीत चालल्यागत नको."

"मला कशाला सांगतेस? म्हातारबांना सांग."

म्हातारबा म्हणजे बाझील. गावचा जुना न्हावी. अर्ध्या गावाची डोकी त्याच्या कात्रीखालून गेलेली. वय झालं तरी रविवार चुकवायचा नाही. तोंडात कायम बडीशेपेची गोळी. सायकल जुनी, लोखंडी. पाय थांबवले की तिचं मागचं चाक मोठ्यानं वाजायचं... कट्... कट्... कट्... कट्...

"मी मागेच राहतो गं सोलांज," बाझील हसून म्हणाला. "शेपटाला सोबत."

"सोबत नको, वेग द्या," मावशी म्हणाली. सगळे हसले. बाझीलही हसला.

जुन्या नावेचा धक्का येतो तिथे बांध एकदम वळतो. दगडी उतार थेट पाण्यात जातो. तिथे पोचल्यावर मावशीच्या मागून हाक आली.

"सोलांज, जरा थांब गं! चेन पडली!"

मावशीनं ऐकलं. हे ती स्वतः सांगते. नीट, स्पष्ट ऐकलं.

शेपटानं अशा वेळी थांबायचं असतं. शेपटाच्या मागे कुणी राहताच कामा नये. पण मावशीच्या मनात आलं, चेन लावायला कितीसा वेळ लागतो, येईल मागून. मघाशी लघवीला थांबला, त्याआधी बगळे बघायला थांबला. याच्यापायी माझी तंगडी करपेल.

तेवढ्यात पुढून, धुक्यातून, जिल्दासचा आवाज आला. "सगळे?"

मावशीनं मागे पाहिलं.

पांढरं धुकं. कुणी नाही.

आणि ती ओरडली, "सगळे!"

रांग निघाली. मावशीही निघाली.

थोडं पुढे गेल्यावर...

कट्... कट्... कट्...

मावशीच्या जिवात जीव आला. "आला बाई एकदाचा," ती पुटपुटली. बडीशेपेचा वासही आला. अगदी खांद्याशी.

"बाझील, हाणा आता पाय. व्याहीण दारात उभी असेल माझ्या."

उत्तर नाही.

कट्... कट्... कट्...

रागावला असेल, तिला वाटलं. रागवायला हवंच होतं त्यानं.

मग बांधाचा चढ लागला. पुलाकडे जाणारा लांब चढ आहे तो. समोरून वारा. मावशीला धाप लागली, मांड्या भरून आल्या. मागचा आवाज मात्र तसाच. एका लयीत.

कट्... कट्... कट्...

सायकल चालवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. ते चाक वाजतं ते पाय थांबवल्यावर. पाय मारले की आवाज बंद.

चढावर, वाऱ्यासमोर, पाय न मारता कोण येत होतं?

मागे पाहायचं कामच तिचं होतं, पण मान वळेना.

पूल आला. वेग मंदावला. पुढून हाक आली. "सगळे?"

ती तोंड उघडणार, इतक्यात...

"सगळे!"

तिच्या मागून. पुरुषाचा आवाज, जरासा घोगरा, गालात गोळी धरून बोलल्यासारखा.

बाझीलचा आवाज.

आता मावशीनं वळून पाहिलं. रस्ता मोकळा होता. ओल्या डांबरावर रांगेचे माग होते, त्यांत सगळ्यांत वरचा तिच्याच चाकाचा.

त्या क्षणी तिनं ओरडायला हवं होतं. थांबा, एक राहिलाय, मी खोटं बोलले. एवढंच म्हणायचं होतं.

पण सगळ्यांदेखत ते म्हणायची तिला लाज वाटली. ती तशीच पूल ओलांडून गेली.

पलीकडच्या टोकाला मिरेयचा कॅफे. मिरेय बाझीलची बायको. दर रविवारी सगळ्यांसाठी कॉफी आणि बाझीलसाठी पांढऱ्या वाइनचा छोटा ग्लास. तिनं ग्लास भरूनच ठेवला होता.

"आमचे हे कुठे गेले?" तिनं विचारलं. "आत्ता आले ना? बडीशेपेचा वास आला, म्हटलं आली स्वारी."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. भिंतीला टेकलेल्या सायकलींत ती लोखंडी सायकल नव्हती.

जिल्दासनं कप खाली ठेवला. "सोलांज, पुलावर 'सगळे' तूच म्हणालीस ना?"

मावशी म्हणाली नव्हती. हे जगात तिला एकटीला माहीत होतं.

"हो," ती म्हणाली. "तेव्हा होता की माझ्या मागे."

मग सगळे पुलाच्या आसपास शोधायला लागले. मावशी मात्र कुणाला न सांगता सुटली ती थेट नावेच्या धक्क्याकडे. जायचं कुठे ते तिला ठाऊक होतं.

धक्क्यावर बाझीलची सायकल आडवी पडली होती. चेन निघालेली. मागचं चाक हळूहळू फिरत होतं.

कट्... कट्...

इतक्या वेळानं. वारा पडलेला असताना.

बाझील खाली होता. शेवाळावरून घसरून कमरेपर्यंत पाण्यात, एका हातानं नाव बांधायची कडी धरलेली. ओठ निळे. मावशीनं त्याला काखेत धरून वर ओढलं, आपलं जाकीट त्याच्यावर घातलं आणि जिवाच्या आकांतानं हाका मारल्या.

बाझीलनं डोळे उघडले.

"आलीस होय पोरी."

"बाझील, पाण्यात पडल्यावर ओरडला का नाहीत? नुसती एक हाक मारायची! मी फार लांब नव्हते हो!"

"मारणारच होतो," तो म्हणाला. "पण तू 'सगळे' म्हणालेलं ऐकलं. म्हटलं, आता ओरडलो तर... चारचौघांत तू खोटी पडशील."

एवढंच बोलला. बाकीचे पोचले तेव्हा त्याची शुद्ध गेली होती. दवाखान्याच्या वाटेवर तो गेला.

मावशी घरी आली तर व्याही बसलेले. तंगडी करपली नव्हती. उलट अशी मऊ शिजली होती की व्याहीण पहिल्यांदा कौतुकाचं बोलली. लाज वाटली की भूक मरते म्हणतात. मावशीनं दुसऱ्यांदा वाढून घेतलं. ते आठवलं की ती आजही त्या पदार्थाचं नाव काढू देत नाही.

दफनाच्या दिवशी मिरेयनं तिला मिठी मारली. "तू शेपूट होतीस म्हणून गं. नाहीतर ते एकटेच गेले असते."

मावशीनं खरं सांगायला तोंड उघडलं. त्यातून "हो" एवढंच बाहेर पडलं.

हे सगळं तिनं मला सांगितलं तेव्हा मी समजूत घातली. धुकं होतं, तू थकलेली होतीस, भास झाला असेल.

"भास?" मावशी म्हणाली. "मग तू ये रविवारी."

गेल्या वसंतात मी गेलो. लख्ख ऊन, धुक्याचा मागमूस नाही. शेपूट मावशीच. आता ती जागा ती दुसऱ्या कुणाला देत नाही. मी तिच्या शेजारी होतो.

पुलाच्या चढावर ती हलकेच म्हणाली, "मी दर वेळी ठरवते. जिल्दासनं विचारलं की ओरडायचं, 'नाही! एक राहिला, मी सोडला त्याला!' मिरेयच्या दारापर्यंत ऐकू जाईल असं. आज बघ."

पूल आला. रांग थांबली. आम्ही पाय टेकले.

पुढून जिल्दासचा आवाज आला. "सगळे?"

मावशीनं श्वास भरून घेतला. मी तिच्या तोंडाकडेच पाहत होतो. तिचे ओठ उघडले...

बडीशेपेचा वास आला.

"सगळे!"

आमच्या मागून. घोगरा, मायाळू आवाज.

मावशीचे ओठ तसेच उघडे होते. त्यातून एक शब्द निघाला नव्हता. पुढे जिल्दासला शब्द पोचला, आवाज कुणाचा ते नाही. त्यानं पाय मारले, त्याच्यामागे रांग निघाली.

मी वळून पाहिलं. रस्ता लांबवर मोकळा होता.

"बघितलंस?" मावशी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "अजून मला खोटी पडू देत नाहीत."

कट्... कट्... कट्...

त्यानंतर मी त्या बांधावर गेलेलो नाही. मावशी दर रविवारी जाते.