तू थांबलास की तिथून मी

"खरं सांग, हे पुस्तक वाचताना तू रडलास ना?"

प्रश्न भिंगरीचा नव्हताच. तो होता कप्तानचा, म्हणजे शाळेच्या संघाची कप्तान असलेल्या तिच्या मैत्रिणीचा. वाचनालयातल्या कपाटामागे तोंड दाबून उभ्या असलेल्या तिघींनी पैज लावून भिंगरीला पुढे ढकललं होतं. वर्षभरापूर्वी वर्गात 'हजर' म्हणतानाही जिचा आवाज फुटत नसे, ती आता पैज म्हटली की सगळ्यांच्या पुढे. हे धाडस अजून नव्या चपलांसारखं होतं… मिरवायला आवडायचं, आणि चावायचंही.

मुलगा खिडकीशी बसला होता. मांडीवर कुमारवाचकांसाठी नुकतीच आलेली कादंबरी, डोळे लालसर. आता हा लाजेल, चिडेल, निदान खोटं तरी बोलेल…

"हो," तो म्हणाला. "दोनदा."

कपाटामागे खिदळणं फुटलं. तिथल्या तिथे त्याचं नाव पडलं — नळ. भिंगरीही हसली. पण घरी जाताना ती एकच विचार करत राहिली. इतकं सोपं असतं 'हो' म्हणणं? दुसऱ्या दिवशी ती एकटीच गेली आणि त्यानं परत केलेली ती कादंबरी घरी घेऊन आली.

पुढच्या आठवड्यात तीच त्याच्यासमोर जाऊन बसली.

"मीपण रडले."

"कुठे? बाप स्टेशनवर जातो तिथे?"

"मुलाचा राहिलेला स्वेटर घेऊन? नाही, तिथे नुसतं पुस्तक मिटून ठेवलं. बहीण मैत्रिणींसमोर भावाला हसते ना… तिथे."

तो पुस्तकाचा दुमडलेला कोपरा नखानं सरळ करत राहिला. "तिथे मला राग आला होता."

"बहिणीचा?"

"बहिणीचाही."

"आणि आता?"

"आता कमी झालाय." तो हसला… एका बाजूनं, जपून, जणू उरलेलं हसू नंतरसाठी ठेवायचं होतं.

मग ते रोज भेटू लागले. कुठली नायिका शहाणी, कुठली नुसती दिसायला बरी, यावर भांडू लागले. अडचण होती ती शनिवारची. वाचनालयात नव्या कादंबऱ्यांच्या वाचनाचा कार्यक्रम होता, प्रत्येक मुलानं एक पान वाचायचं. त्यानं स्टेशनचं पान निवडलं आणि तालमीत दोन्ही वेळा त्याच ओळीवर त्याचा आवाज गेला. "दुसरं पान घे बाळा, नाहीतर हे दुसऱ्या कुणाला देऊ," ग्रंथपाल बाई म्हणाल्या.

"मला दुसरं पान नकोय," तो भिंगरीला म्हणाला. "दादा शिकायला लांब गेला, तेव्हापासून बाबा संध्याकाळी त्याच्या खोलीतला दिवा लावतात. आमच्याकडे यावर कुणी बोलत नाही. शनिवारी ते येणार आहेत. माझ्याकडून त्यांनी हेच ऐकायला हवं."

भिंगरीनं पुस्तक ओढून घेतलं आणि स्टेशनचं पान उघडलं.

"असं करू या. तू वाच. तू थांबलास की तिथून मी उचलते. गळा मोकळा झाला की मला थांबव."

"कसं थांबवू?"

"बोटानं."

दोन कपाटांमधल्या बोळात त्यांनी करून पाहिलं. पुस्तक एकच, त्यामुळे डोकी जवळ. कोऱ्या कागदाचा, डिंकाचा वास. त्याचं बोट ओळीखालून सरकत होतं. "बापानं स्वेटरची घडी घातली. मोडली. पुन्हा…" बोट थांबलं. तिनं आपलं बोट शेजारी टेकवलं. "…पुन्हा घातली. गाडी केव्हाच निघून गेली होती." पुढच्या ओळीवर तिच्या नखावर हलकी टिचकी बसली. ती थांबली, तो निघाला. पान संपलं. बोटं मात्र तिथेच होती.

"जमतंय," तो हळूच म्हणाला.

"हं… जमतंय." आणि दोघं ते ग्रंथपाल बाईंना दाखवायला निघाले.

फाटकापाशी कप्ताननं गाठलंच. "शनिवारी माझ्या वाढदिवसाचा सिनेमा आहे, लक्षात आहे ना? का नळाखाली भांडी घासायचा बेत आहे?"

या टोळीत जागा मिळावी म्हणून भिंगरीनं वर्ष घालवलं होतं. तिनं दप्तराचा पट्टा खांद्यावर ओढून घेतला. "मी वाचनालयात असेन. आणि त्याला नळ म्हणू नकोस. मला आवडत नाही."

"अगं बाई. एवढं?"

"एवढं."

"मग केक उरला नाही तर बोलू नकोस," कप्तान म्हणाली आणि वळली. चिडली होती की नाही, कळलं नाही.

घरी बाबा शर्टांना इस्त्री करत होते, आई गुंड्या लावत होती. भिंगरी दारातच उभी राहिली.

"मला काही सांगायचंय. विचारत नाहीये, सांगतेय."

"मार्क कमी पडले?" बाबांनी इस्त्री उभी केली.

"नाही हो बाबा. शनिवारी संध्याकाळी मी वाचनालयात एका मुलाबरोबर वाचणार आहे. एकाच पुस्तकातून." तिनं श्वास घेतला. "तो मला आवडतो. त्याला अजून माहीत नाही, वाचून झालं की सांगणार आहे. तुम्ही दोघं ऐकायला येणारच, म्हणून आधीच सांगून ठेवते, म्हणजे पहिल्या रांगेत बसून एकमेकांना कोपरं मारू नका."