डोंगरापलीकडचं पाणी

हे खरं आहे. माझ्या सख्ख्या भावाबद्दल मी कशाला थापा मारीन?

दादा नद्यांचा सर्व्हे करायचा. नद्यांच्या पायी घर विसरायचा, म्हणून वहिनी चेष्टेने नदीला सवत म्हणायची. आमच्या घरामागच्या डोंगरापलीकडे एक ओढा वाहता वाहता जमिनीतल्या विवरात शिरतो. ते पाणी पुढे कुठे निघतं हे कळावं, म्हणून दादा त्यात हिरवा रंग सोडणार होता.

रंग सोडायच्या आधीच त्याचा पाय घसरला... आणि तो आत गेला.

त्याचे साहेब म्हणाले, "पलीकडचं पाणी पलीकडच्याच नदीला मिळतं. तिथेच सापडेल."

घराला कुलूप लावून मी आणि वहिनी त्या नदीवर जाऊन बसलो. लोकांनी जाळी लावली. वहिनीने त्याचा कोरडा शर्ट मांडीवर धरला होता.

"गारठला असेल गं," एवढंच म्हणायची.

संध्याकाळी ती दचकून उठली.

"शीळ ऐकलीस?"

घर जवळ आलं की दादा शीळ घालायचा. मी नाही म्हणणार, तोच मलाही ऐकू आली...

डोंगराच्या आमच्या बाजूने.

"धक्का बसलाय तुम्हाला," साहेब म्हणाले. "पाणी कधी डोंगर ओलांडतं का?"

आणि आम्ही बसून राहिलो! आठवलं की अजून जीव जळतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी कपडे घ्यायला घरी आलो.

घरामागच्या झऱ्यापासून दारापर्यंत ओली पावलं होती... अनवाणी.

परत जाणारं एकही नव्हतं.

कुलपावर हिरवी बोटं उमटली होती.

वहिनी झऱ्याकडे धावली. दादा तिथेच होता, काठावर डोकं टेकून झोपल्यासारखा. झऱ्याचं पाणी स्वच्छ होतं. त्याचे तळवे मात्र हिरवे...

डॉक्टर म्हणाले, पडला त्याच क्षणी गेला. रंगाचे डबे विवराजवळ सापडले. एकाचंही सील तुटलं नव्हतं.

मग कुलपाला हात कोणी लावला?

वहिनीला हे प्रश्न पडतच नाहीत. ती एकच धरून बसली आहे. "तो घरी आला होता गं... आणि आपण दाराला कुलूप लावून गेलो होतो."

आता आम्ही दोघी एकदम घराबाहेर पडत नाही. एक जण थांबतेच. वेड्या म्हणा हवं तर.