वाटाड्याला पालवीचं पान का दिसेना

माश्या मेल्या होत्या, आणि ज्यांनी त्या मारायला लावल्या त्या शिंत्रेकाकांनाच सगळ्यात जास्त वाईट वाटत होतं. पालवीला कोडं पडलं होतं ते हेच.

वेळकोंडच्या नव्या सोसायटीत, पाण्याच्या टाकीशेजारच्या खोलीत सातेरी माश्यांनी मोहोळ केलं होतं. सातेरी म्हणजे आपली गावठी माशी, अंधाऱ्या पोकळीत राहणारी आणि स्वभावानं गरीब. शिंत्रेकाका सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी फोन केला, फवारणीवाले आले, काम संपलं. पालवीची आई, प्रणाली सपकाळ, रिकामी मधपेटी घेऊन पोहोचली तेव्हा खोलीत नुसता औषधाचा वास होता. अशी मोहोळं जिवंत काढायची, पेटीत घालायची आणि डोंगरातल्या बागांमध्ये नेऊन ठेवायची, हे तिचं काम. पण तिला बातमी नेहमी उशिरा कळायची, तीसुद्धा कुणाच्या तरी तोंडून.

"जिवंत काढून नेणारं कुणी असतं हे ठाऊक असतं, तर मी कशाला मारल्या असत्या, ताई?" शिंत्रेकाका म्हणाले. "मी वाटाड्याला विचारलं. त्यानं फवारणीवाले दाखवले."

आईनं पेटी उचलली आणि ती निघाली. संध्याकाळी भाकरी थापताना मात्र म्हणाली की उन्हाळ्यापर्यंत बघायचं, नाहीतर पेट्या कुणाला तरी देऊन टाकायच्या. मेलेल्या माश्या बघायला जायचा तिला आता वीट आला होता. पालवी जेवायला बसली होती. ती पाटावरून उठली, पाणी प्यायली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. तशी ती एरवीही एका जागी टिकणारी मुलगी नव्हतीच, पण आज तिला खरंच काही सुचत नव्हतं.

त्या काळात माश्या आधीच कमी झाल्या होत्या. खोऱ्यातल्या स्ट्रॉबेरीच्या शेतांवर परागकण (एका फुलातून दुसऱ्या फुलात जाणारी, फळ धरायला लावणारी पूड) टाकत चिमुकले ड्रोन फिरत, आणि ते माश्यांच्या कामाच्या पासंगालाही पुरत नसत. माश्या सांभाळणारी आई त्या खोऱ्यात एकटीच उरली होती. लोकांना ती सापडावी म्हणून तर पालवीनं दोन वर्षांपूर्वी संकेतस्थळ (इंटरनेटवरचं आपलं स्वतःचं ठिकाण, म्हणजे वेबसाइट) सुरू केलं होतं. ते शिंत्रेकाकांना दिसलं का नाही?

दुसऱ्या दिवशी शाळेला जायच्या आधी ती एसटी स्टँडवर पोहोचली, तीही जवळजवळ पळतच. चौकशीच्या खिडकीशेजारी वाटाड्या उभा असायचा. वाटाड्या म्हणजे खांबाएवढा उंच, भगव्या रंगाचा यंत्रमानव. शोधयंत्राचं (जगभरातली पानं चाळून हवी ती माहिती पुढे आणून देणाऱ्या यंत्रणेचं) बोलतं तोंड; गावोगावच्या स्टँडवर तोच, आणि फोनवरही तोच. गाडी कधी सुटणार इथपासून पोटात का दुखतंय इथपर्यंत सगळं लोक त्याला विचारत आणि तो सांगेल त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवत.

पालवीनं विचारलं, मधमाश्यांचं पोळं झालं तर कुणाला बोलवायचं? वाटाड्यानं फवारणीवाले दाखवले. मग मधाची दुकानं दाखवली. मग माश्यांचं एक कार्टून.

"आणि माझी आई?" पालवी म्हणाली.

"तुझ्या आईला मी ओळखत नाही. मी फक्त पानं ओळखतो. पानाचं नाव सांग."

"पालवीची दुनिया."

वाटाड्याच्या पडद्यावरचे डोळे दोनदा मिचकले. "आहे की. मागच्या आठवड्यातच येऊन गेलो. तिथे कैरीचं लोणचं आहे."

तिथे लोणचं होतं हे खरं. शिवाय क्रिकेटचे निकाल होते, नटनट्यांचे वाढदिवस होते, राशिभविष्य होतं आणि मोबाइल चार्ज होत नसेल तर काय करावं हेही होतं. जितकं जास्त भरू तितके जास्त लोक येतील, असा पालवीचा हिशेब. कोपऱ्यात आईचा फोन नंबर, आणि 'मोहोळ काढून मिळेल' एवढी एकच ओळ.

वाटाड्यानं तिला समजावून सांगितलं, कारण समजावणं हा त्याचा धंदाच होता आणि पुढची गाडी यायला अवकाश होता. त्याच्याकडे भ्रमणक असतात (पानापानांवर फिरून ती वाचणारे छोटे प्रोग्राम). ते वाचून येतात आणि कोणत्या पानावर काय आहे ते त्याला सांगतात. पण पानावर एखादा शब्द आहे एवढ्यानं भागत नाही. शब्द तर लाखो पानांवर असतो. त्यातलं कोणतं पान पुढे करायचं, हे ठरवणं खरं अवघड.

"तुझी दाढ दुखतेय," वाटाड्या म्हणाला. "एका दुकानावर पाटी आहे, इथे पंक्चर काढतात, पत्रिका बघतात, लोणचं मिळेल आणि दाढही काढून मिळेल. तू तोंड उघडशील का तिथे?"

पालवीला हसू आलं आणि रागही आला. तिनं विचारलं, मग प्रत्येक पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरात 'मधमाशी मधमाशी मधमाशी' लिहिलंय, ते नाही का वाचलं? ती तिची गुप्त युक्ती होती.

"वाचलं. लोणच्याखाली ओळीच्या ओळी मधमाशी दिसली की मला वाटतं, ही मुलगी मला बनवतेय. मग मी तुला आणखी मागे ढकलतो." मग त्यानं आवाज खाली आणला. "तुला माश्यांविषयी खरंच काही माहीत आहे का?"

पालवी चिडली. तिला माश्यांविषयी पुष्कळ माहीत होतं. चालायला लागल्यापासून ती आईच्या मागे धूर करायचा डबा घेऊन हिंडत होती.

"मग ते पानावर का नाही?"

याचं उत्तर तिच्याजवळ होतं, पण स्टँडवर उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. सपकाळांच्या घरात मोहोळाविषयी बोलायची चालच नव्हती. पणजोबांच्या काळापासून ही माणसं कड्याकपारीतला मध काढत आली, आणि ज्यानं मोहोळाची जागा बोलून दाखवली त्याच्या आधी दुसरंच कुणी तिथे पोहोचलेलं असे. तेव्हापासून जागा बोलायची नाही. मग हळूहळू माशी कोणती, ती कधी हलते, धूर किती करायचा, यातलंही काही घराबाहेर बोलायचं नाही, असं होऊन गेलं. म्हणून माश्यांसाठी काढलेल्या संकेतस्थळावर पालवीनं माश्या सोडून सगळं जग गोळा केलं होतं. शहाणी ती एवढी.

घरी आल्यावर तिनं आईला सगळं सांगितलं आणि मग दारातून आत, आतून दारात अशा येरझाऱ्या घालू लागली. आई पेटीच्या चौकटी खरवडत होती. आपल्यात मोहोळ बोलून दाखवत नाहीत, एवढंच तिनं ऐकवलं. पालवी म्हणाली की जागा नकोच सांगायला, जागा कुणी विचारलेलीच नाही. गॅलरीत माश्या आल्या तर घाबरायचं का, एवढं जरी शिंत्रेकाकांना कुठे वाचायला मिळालं असतं तरी ते थांबले असते.

आईचा हात थांबला. तिनं चौकट बाजूला ठेवली.

"इतकी वर्षं सांगितलं नाही," ती म्हणाली. "न सांगून कुणाला वाचवलं मी? बस इथं. लिहून घे. आणि त्या येरझाऱ्या थांबव आधी."

पालवीनं राशिभविष्य काढून टाकलं, क्रिकेट काढलं, पांढरी अक्षरं पुसली. लोणच्याचं पान काढताना जिवावर आलं, कारण ते आजीचं होतं; ते तिनं मावशीच्या स्वयंपाकाच्या संकेतस्थळाला देऊन टाकलं. आता फक्त माश्या उरल्या. माश्या घरात का येतात, हे एक पान. सातेरी आणि मोठी तापट आग्या माशी यांत फरक काय, आग्या असेल तर जवळ का जायचं नाही, चावली तर काय करायचं आणि दवाखान्यात कधी पळायचं, राणी माशी काय करते, यांची वेगवेगळी पानं. एका पानावर वाचताना जिथे दुसरा प्रश्न डोक्यात येणार, तिथे तिनं दुवा दिला (ज्यावर बोट ठेवलं की दुसरं पान उघडतं अशी जोडणी). ही युक्ती वाटाड्याची. माणूस एक प्रश्न घेऊन येतो आणि त्याच्या पोटात आणखी प्रश्न असतात, ते सगळे एकाच ठिकाणी सुटले की मला कळतं, या घरात जाणकार राहतो, असं तो म्हणाला होता. याला तो विषयाधिकार म्हणे (एखाद्या विषयात भरवशाचं ठरण्याइतकी खोल आणि पुरी माहिती असणं).

मग रोज शाळेच्या आधी स्टँडवर. सापडतं का आता? अजून नाही. आज? अजून नाही. दिवाळी झाली, थंडी पडली, तरी पान मागेच. पालवीची नखं कुरतडून संपत आली. अधीर होऊन तिनं वर्गातल्या सगळ्यांना आपापल्या पानांवर तिचा दुवा द्यायला लावला. वाटाड्या बधला नाही. "क्रिकेटवाला मुलगा म्हणतो की तू माश्यांची जाणकार आहेस. त्याला काय ठाऊक माश्यांचं? माश्यांत आयुष्य घालवलेलं कुणी म्हणालं, तर त्याला वजन."

असं कुणीतरी आलं, पण आधी चूक काढायला आलं. कृषी महाविद्यालयात कीटकशास्त्र (कीटकांचा अभ्यास) शिकवणाऱ्या लोहोकरे मॅडमनी लिहिलं की पान छान आहे, पण नर माशी डंख मारते हे चूक. नराला नांगी नसतेच. ते वाक्य पालवीनं आईला न विचारता स्वतःच्या डोक्यानं घातलं होतं. तिचे कान लाल झाले. पान काढून टाकावं असंही क्षणभर वाटलं. मग तिनं चूक दुरुस्त केली, 'ही चूक लोहोकरे मॅडमनी दाखवली' असं खाली लिहिलं आणि आणखी चुका असतील तर सांगा, असं मॅडमना कळवलं. मॅडमनी सगळी पानं तपासली. महिन्याभरानं महाविद्यालयाच्या पानावर पालवीच्या पानाचा दुवा आला, मग मॅडमच्या ओळखीच्या एका मधपाळाच्या पानावरही.

फाल्गुन उजाडला. सातेरीचे थवे हलायचे दिवस. एका रविवारी सकाळी आईचा फोन वाजला. बोलणाऱ्या बाई बीडकडच्या एका मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर, जोगदंड मॅडम. अंगणातल्या लिंबाच्या फांदीला माश्या लटकल्या होत्या, मुली भेदरल्या होत्या, फवारणीवाला पंप घेऊन फाटकात उभा होता. वाटाड्याला विचारलं तर त्यानं सगळ्यात आधी तुमचं पान दाखवलं, त्या म्हणाल्या. मारू का नको ते सांगा, मुली माझ्या जबाबदारीवर आहेत.

बीड इतकं लांब की आई पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं असतं. पालवीनं फोनचा कॅमेरा सुरू करायला सांगितला आणि आईच्या खांद्यावरून वाकून बघू लागली.

"पोळं दिसतंय का," आईनं विचारलं, "की नुसता माश्यांचा घोस?"

नुसता घोस होता. माश्या लहान, सातेरीच. आई म्हणाली की हा थवा घर शोधत निघालाय, वाटेत टेकलाय. सांभाळायला त्याच्याजवळ पिल्लं नाहीत की मध नाही, म्हणून मुद्दाम डिवचल्याशिवाय तो सहसा चावत नाही. मुलींना आत घ्या, खिडक्या लावा, फाटकातल्या भाऊंना पाणी द्या आणि काही करू नका. आज नाहीतर उद्या तो आपला आपण जाईल.

"काहीच करायचं नाही?" जोगदंड मॅडमनी विचारलं.

"काहीच नाही."

पालवीला जगातली सगळ्यात अवघड गोष्ट हीच वाटे. फोन खिडकीत टेकवून ठेवला होता आणि पलीकडे मुली काचेला नाकं लावून बसल्या होत्या. घोसावर काही माश्या अंग थरथरवत एकाच दिशेनं पुन्हा पुन्हा चालताना दिसल्या. आईनं मुलींना सांगितलं, या शोधक माश्या. जागा बघून आल्यात आणि नाचून सांगतायत. पण एकीच्या सांगण्यावर थवा उठत नाही. दुसऱ्या माश्या स्वतः जाऊन ती जागा बघतात, पटली तर परत येऊन त्याही तसंच नाचतात. पुष्कळ जणींनी बघून सांगितलं की मग सगळा थवा निघतो.

पालवी आईकडे बघत राहिली. वाटाड्या सहा महिने तिला दुसरं काय सांगत होता? भ्रमणकांनी येऊन वाचायचं, जाणकारांनी स्वतः तपासायचं, मग त्यांनी दुवा द्यायचा, आणि मग कुठे लोकांचा थवा त्या पानाकडे वळायचा. आपण नुसतेच जोरात नाचत होतो, तिला वाटलं, बघावी अशी जागा नसताना.

दुपारी ऊन चढलं तेव्हा घोस सैल पडला. एकदम सगळं अंगण माश्यांनी भरलं, मुली ओरडल्या, आणि थवा लिंबावरून, फाटकातल्या माणसाच्या डोक्यावरून, शेजारच्या टेकडीकडे निघून गेला. तो माणूस पंप खाली ठेवून वर बघत राहिला. आईनं पदरानं डोळे पुसले आणि धुरानं चुरचुरतात म्हणाली, पण धूर कुठेच नव्हता.

फोनवर एक मुलगी पुढे आली. म्हणाली, काकू, पुढच्या वेळी आल्या तर आम्ही पेटी ठेवली तर चालेल का? त्या आमच्याकडे राहतील?

"ठेवा की," आई म्हणाली. "कशी ठेवायची ते सांगते. नीट ऐका."

ती सांगत राहिली, अगदी बारीकसारीक, पेटीचं तोंड कोणत्या दिशेला ठेवायचं इथपासून. पालवीनं नवं पान उघडून ते उतरवून घेतलं, आणि आईचं सांगून होईपर्यंत ती जागची हलली नाही.