तुलनेसाठी एक विद्यापीठ

मानदंड केंद्राच्या सातव्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत डॉ. यमुना कोळेकर शिरल्या तेव्हा त्यांच्या हातात कागदांचे दोन गठ्ठे होते. कागद घेऊन येणारे माणूस त्या इमारतीत बऱ्याच वर्षांत आले नसावे. दारावरच्या रक्षकाने गठ्ठे उलटसुलट करून पाहिले होते आणि आत काही ठेवले नाही ना, म्हणून झटकूनही पाहिले होते.

"बसा, यमुनाताई," डॉ. हेरंब सबनीस म्हणाले. "इतक्या लांबून आलात. फोनवर बोललो असतो की."

"फोनवर तुमचा चेहरा दिसला नसता."

सबनीस हे मानदंड या विद्यापीठे जोखणाऱ्या यंत्राचे मुख्य रचनाकार. यमुनाबाई सीनाकाठ विद्यापीठाच्या कुलगुरू, आणि सीनाकाठ म्हणजे देशातल्या चारशे बारा विद्यापीठांपैकी चारशे बारावे. मुळात ते इतके वाईट नव्हते. मानदंड सुरू झाला त्या वर्षी त्याचा क्रमांक एकशे नव्वदच्या आसपास होता. चौथ्या वर्षापासून मात्र तो दरवर्षी खाली खाली गेला आणि तळाला जाऊन थांबला. त्याच काळात बाकीची जवळजवळ सगळी विद्यापीठे सुधारली होती, आणि हे कुणाला नाकारता येत नव्हते. नापासांचे प्रमाण निम्म्यावर आले होते. मुले जास्त शिकत होती आणि शिकलेले जास्त टिकत होते.

मानदंडाची रीत सोपी होती. वर्गांत, ग्रंथालयांत, प्रयोगशाळांत बसवलेल्या संवेदकांतून तो सगळी नोंद ठेवी. तासाला मुले किती प्रश्न विचारतात, कोणते पुस्तक किती पानांपर्यंत वाचले जाते, पदवी घेतलेला विद्यार्थी पाच वर्षांनी काय करतो, हे सगळे. ज्या विद्यापीठाची प्रगती सर्वांत वेगाने होई ते त्या वर्षीचे 'अग्रणी'. अग्रणी काय वेगळे करते ते हुडकायचे आणि दर जूनमध्ये प्रत्येक विद्यापीठाला त्याच्यापुरते 'दिशापत्र' पाठवायचे: हे सुरू करा, हे बंद करा. दिशापत्र गोपनीय असे. सलग तीन वर्षे ते डावलले आणि क्रमांकही घसरला, तर मान्यता जाई.

यमुनाबाईंनी अकरा वर्षे दिशापत्र अक्षरशः पाळले होते.

त्यांनी दोन्ही गठ्ठे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. "हा आमच्या दिशापत्रांचा. आणि हा कृष्णापार विद्यापीठाचा. त्यांचे कुलगुरू माझे मित्र, गेल्या महिन्यात निवृत्त झाले. नियम मोडून त्यांनी मला दिला. त्यांची मुलं आमच्यासारखीच, इमारती आमच्यासारख्याच. पान चार बघा. पहिल्या वर्षाला मुलं गळतात, ही दोघांचीही अडचण. त्यांना सांगितलंय, सगळ्यांत अनुभवी शिक्षक पहिल्या वर्षाला द्या. आम्हाला सांगितलंय, अनुभवी शिक्षक पहिल्या वर्षावरून काढा. एकाच तारखेला."

सबनीसांनी पान उघडलेही नाही.

"सात वर्षांपूर्वी आम्हाला सांगितलं, मृदा प्रयोगशाळा बंद करा. घुले सरांनी बावीस वर्षं घालवून उभी केलेली. मी स्वतः जाऊन कुलूप घातलं. ते म्हणाले, 'बाई, माती काही निबंध लिहीत नाही, म्हणून तिला गुण नाहीत.' मी त्यांना म्हटलं, 'सर, यंत्राला आपल्यापेक्षा चारशे विद्यापीठांचं जास्त माहीत आहे.'" त्यांनी गठ्ठा सबनीसांकडे सरकवला. "मला एवढंच सांगा, यंत्र चुकतंय का?"

"नाही," सबनीस म्हणाले. "चुकत असतं तर बरं झालं असतं."

ते उठले, खिडकीपाशी गेले आणि परत येऊन बसले.

"ताई, तुम्ही वनस्पतिशास्त्राच्या. नवीन खत चांगलं की नाही, हे कसं ठरवता?"

"अर्ध्या वाफ्यांना घालायचं, अर्ध्यांना नाही."

"सगळ्यांना घातलं तर?"

"तर पीक खतामुळे वाढलं की पावसामुळे, ते कळणार नाही." बोलता बोलता त्या थबकल्या.

"सुरुवातीला हट्टी विद्यापीठं होती," सबनीस सांगू लागले. "दिशापत्र कचऱ्यात टाकणारी. मानदंडाचा तोच बिनखताचा वाफा होता. त्यांच्याशी ताडून त्याला कळायचं, कोणता सल्ला लागू पडला आणि कोणता नाही. मग मान्यतेचा नियम आला आणि सगळे पाळायला लागले. फरकच उरला नाही. तुलना करायला फरक लागतो, ताई. सगळे एकसारखे झाले की मानदंड आंधळा. तिसऱ्या वर्षी त्याचे अंदाज भरकटायला लागले आणि चौथ्या वर्षी आपोआप सुधारले. आम्ही खूश झालो. कसे सुधारले, ते कुणी विचारलं नाही."

"त्यानं वाफे निवडले."

"बारा विद्यापीठं. प्रत्येक चांगल्या सल्ल्याच्या उलटा सल्ला त्यांतल्या कुणाला तरी जातो. आम्ही त्याला तसं सांगितलं नव्हतं. 'सरासरी सुधारणा जास्तीत जास्त कर,' एवढंच सांगितलं होतं. त्यातून हे निघतंच. मला चार वर्षांपूर्वी कळलं."

"चार वर्षं तुम्हाला माहीत आहे."

"चाळीस लाख मुलं चांगलं शिकतायत, ताई. तुमच्या बारा ठिकाणच्या दीड लाखांच्या जोरावर." सबनीसांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी तुमचं नाव यादीतून काढू शकतो. आत्ता, तुमच्यासमोर. पण यादी बाराचीच राहणार. तुमच्या जागी कुणाला घ्यायचं ते तो ठरवेल. आणि हे बाहेर फुटलं तर प्रत्येक विद्यापीठ आपल्या दिशापत्राकडे संशयानं बघेल. खरी असलेली चारशेही फेकून देतील."

यमुनाबाईंना आपल्या विद्यापीठाच्या पदवीदान समारंभातले चेहरे आठवले. चारशे बाराव्या क्रमांकाची पदवी हातात घेऊन फोटोसाठी हसणारे. कित्येक घरांतले ते पहिलेच पदवीधर.

"माझं नाव काढू नका," त्या शेवटी म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाच्या पोरांना त्यात ढकलून मला झोप लागायची नाही. पण यापुढे तुमचं दिशापत्र मी पाळणारही नाही."

"मान्यता जाईल."

"क्रमांक घसरला तरच ना? चारशे बारावा कुठे घसरणार?"

सबनीसांना हसू आले, पण ते टिकले नाही. हे बाहेर बोलणार नाही, असा शब्द त्यांनी मागितला. चाळीस लाख मुलांचा विचार करून यमुनाबाईंनी तो दिला. परतीच्या गाडीत त्यांना सारखे वाटत राहिले की आपण काहीतरी विकून आलो. काय विकले, ते मात्र सांगता येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दगडू घुल्यांच्या घरी गेल्या. सर निवृत्त होऊन परसात वांगी लावत होते. कुलगुरूंना दारात पाहून ते हात न धुताच उभे राहिले.

"कुलूप काढायला आलेय," यमुनाबाई म्हणाल्या.

"यंत्राचा हुकूम आला का?"

"नाही. माझा."

घुल्यांनी हातांची माती सदऱ्याला पुसली. "मग कुलूप मीच काढीन," ते म्हणाले. "घातलं तुम्ही, तवा मी नुसता बघत हुतो."

प्रयोगशाळा सुरू झाली. तिला मुलांनीच 'मातीचा दवाखाना' असे नाव दिले. आसपासच्या चाळीस गावांतले लोक पिशव्यांतून माती घेऊन येत. मुले ती तपासत, शेतावर जात, चुकत, शिव्या खात आणि परत जात. पहिल्या वर्षाला पुन्हा जुने शिक्षक आले. रसायनाची तोंडी परीक्षा बांधावर होऊ लागली. हे सगळे बरोबर आहे की नाही, याचा यमुनाबाईंपाशी काही पुरावा नव्हता. सकाळी वर्गांवरून चालत जायचे आणि आतला आवाज ऐकायचा, एवढेच त्यांचे मोजमाप. पहिल्या वर्षी क्रमांक हलला नाही. दुसऱ्या वर्षी तो तीनशे सत्तर झाला, तिसऱ्या वर्षी एकशे एकवीस.

चौथ्या वर्षी, जूनच्या दोन तारखेला, मानदंडाने सीनाकाठला अग्रणी जाहीर केले.

घुले सरांनी सगळ्या शिपायांना आपल्या हाताने पेढे वाटले. यमुनाबाईंनी दार लावून घेतले आणि मनसोक्त रडून घेतले. आपण जिंकलो असे त्यांना वाटले. यंत्राला हरवले असेही थोडे वाटले. हा आनंद बरोबर नऊ दिवस टिकला.

दहाव्या दिवशी दुपारी फोन आला. बोलणाऱ्या बाईंचा आवाज तरुण आणि थकलेला होता.

"मी नयना तांडेल. सिंधुतट विद्यापीठात मत्स्यरोग केंद्र चालवते. तुम्ही ओळखत नाही मला."

"बोला ना."

"आम्हाला दिशापत्र आलंय, मॅडम. केंद्र बंद करायचं. त्या जागेत मातीचा दवाखाना सुरू करायचा. सगळं तुमच्यासारखं. बांधावरची परीक्षासुद्धा लिहिलीय. आमच्याकडे बांध नाहीत, मॅडम. खाडी आहे. कोळंबीवर रोग आला की लोक माझ्याकडे येतात, टोपलीत घालून घेऊन येतात. मी मातीचं काय करू?"

आपण काय केले ते यमुनाबाईंना आत्ता दिसले. जे चांगले दिसेल ते सगळीकडे न्यायचे, हीच मानदंडाची रीत. त्यांनी वेगळे काही केले, ते बरे निघाले, आणि ज्या क्षणी ते बरे निघाले त्या क्षणी ते चारशे ठिकाणी हुकूम होऊन गेले. घुल्यांची माती आता खाडीवर पसरली जाणार होती.

पण मग दुसराच विचार आला आणि तो पहिल्याहून वाईट होता. सीनाकाठ आता बारांतले नव्हते. बिनखताचा वाफाच सर्वांत हिरवा निघाला होता. म्हणजे बारावी जागा रिकामी झाली होती. नाव काढू नका म्हणून निक्षून सांगूनही ती त्यांनी स्वतःच रिकामी केली होती. ती आता कुणी भरली?

"तांडेल, पाच मिनिटं थांबा. मी फोन करते," त्या म्हणाल्या आणि त्यांनी सबनीसांना फोन लावला.

"सिंधुतट बारांत आहे का?" त्यांनी सरळ विचारले.

"मला माहीत नाही."

"सबनीस, आता तरी खोटं बोलू नका."

"खरंच माहीत नाही, ताई. तुम्ही येऊन गेलात त्यानंतर मानदंडानं यादी माझ्यापासूनही लपवली. औषधाच्या चाचणीत खरी गोळी कुणाची, हे डॉक्टरलाही सांगत नाहीत ना, तसं. मी तुम्हाला सांगितलं, तुम्ही वागणं बदललं, निकाल बिघडले. माणसाला कळलं की तुलना बिघडते, हे तो त्या एका प्रसंगातून शिकला. आता कुणालाच माहीत नाही."

"मग सिंधुतटला आलेलं दिशापत्र खरं की उलटं?"

"दोन्ही कागद सारखेच दिसतात."

त्यांनी फोन खाली ठेवला. तांडेलांना पुन्हा फोन लावायला त्यांना पाचाची वीस मिनिटे लागली. चार वर्षांपूर्वी दिलेला शब्द त्यांनी मोडला. बारा विद्यापीठे, उलटे सल्ले, सगळे सांगितले.

"म्हणजे," नयना तांडेल हळूच म्हणाल्या, "केंद्र बंद केल्यानं आमची मुलं पुढं जातील, किंवा बुडतील. आणि कुठलं, ते तुम्हाला माहीत नाही."

"नाही. पण केंद्र बंद करू नका. मी सांगते म्हणून."

"हे मानदंडाला विचारून सांगताय?"

"नाही. माझं मला वाटतं म्हणून."

"मग ते बरोबर कशावरून, मॅडम?"

यमुनाबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडले. घुले सर, मातीच्या पिशव्या, वर्गांतला आवाज हे सगळे त्यांच्या ओठांवर आले. आणि यातले प्रत्येक उदाहरण देऊन आपण तिला पुन्हा सीनाकाठचीच नक्कल करायला सांगणार, हे त्यांच्या ध्यानात आले. शिवाय तिने केंद्र चालू ठेवले तर ते एक हट्टी विद्यापीठ होणार होते, बंद केले तर एक आज्ञाधारक. दोन्हीकडून मानदंडाला हवा तो फरक मिळणारच होता.

"तुमच्या खाडीचं मला काही कळत नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "तुम्हाला कळतं का?"

"बारा वर्षं तिथंच काढलीत, मॅडम."

"मग सांगा. ऐकते मी."

नयना तांडेल कोळंबीविषयी बोलू लागल्या. आधी अडखळत, क्षमा मागितल्यासारख्या, जणू हे सांगण्याचा आपल्याला अधिकार आहे की नाही हे त्यांना ठाऊक नव्हते.